थकलेल्या कामांचा हिशेब आधी, बीएमडब्ल्यूची चावी नंतर

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात २०२२ ची क्रेटा आहे, पेट्रोल ऑटोमॅटिक, ३२ हजार किलोमीटर, पहिला मालक. तिला साडेबारा लाख मिळतायत. समोर २०१७ ची बीएमडब्ल्यू ३२०डी आहे, ६८ हजार किलोमीटर, दुसरा मालक, मागणी सोळा लाख. रोज शहरात वीस किलोमीटर, महिन्यातून एकदा कोल्हापूर. साडेतीन लाख वर टाकून अदलाबदल करावी का?

सोळाला करू नका. ही गाडी सगळ्या तपासण्यांत पास झाली तरी तिची किंमत तुमच्यासाठी साडेतेराच्या आसपास आहे. शिवाय डिझेल तुमच्या वापराला बसतं का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे नंतर येतो.

आधी अडीच लाख का कापायचे ते. जर्मन गाडीचं एखादं मोठं काम आलं की मालक दोन गोष्टींपैकी एक करतो: काम करून गाडी ठेवतो, नाहीतर काम न करता विकतो. बाजारात येणाऱ्या गाड्यांत दुसरा प्रकार भरपूर असतो. साठ ते ऐंशी हजार किलोमीटर आणि सात-आठ वर्षं हा टप्पा तर खास तसला, कारण बरीच कामं तिथे एकदमच येतात. नवी असताना ही गाडी चाळीस लाखांच्या पुढे जायची. आज ती सोळाला मिळते, पण तिचा हेडलाइट, तिचा इंजेक्टर, तिचा गिअरबॉक्स अजून चाळीस लाखांच्या गाडीचाच आहे. सुट्या भागांना घसारा नसतो.

म्हणून मागणीची किंमत बाजूला ठेवून थकलेल्या कामांची यादी करा. सर्व्हिसची बिलं मागा. सर्व्हिस बुकातले शिक्के पुरेसे नाहीत, बिलंच हवीत, कारण कोणता भाग बदलला ते बिलावर असतं. ६८ हजारांच्या ३२०डीची नेहमीची यादी आणि स्वतंत्र गॅरेजमधले ढोबळ आकडे असे: गिअरबॉक्सचं ऑइल आणि पॅन ४० ते ५० हजार, चार रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) टायर ८० हजार ते १ लाख, एजीएम बॅटरी (स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांची खास बॅटरी) गाडीच्या संगणकात नोंदवण्यासह २५ हजार, पुढच्या सस्पेन्शनचे आर्म आणि त्यांचे रबरी बुश ५० ते ६० हजार, पुढच्या डिस्क आणि पॅड ३५ ते ४० हजार. बेरीज २ लाख ३० हजार ते पावणेतीन लाख. ज्या कामाचं बिल विक्रेता दाखवेल ते यादीतून खोडा, बाकीचं किमतीतून वजा करा. म्हणजे तुमचे साडेतीन लाख असे विभागले जातात: एक लाख विक्रेत्याला, अडीच लाख गॅरेजला. आणि न दिसलेल्या कामांसाठी आणखी दोन लाख बँकेत हवेत. ते नसतील तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

आता यादीतल्या दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण फसगत तिथेच होते.

पहिली, गिअरबॉक्स. यात झेडएफचा आठ गिअरचा ८एचपी आहे, आणि तो उत्तम आहे. बीएमडब्ल्यू सांगते की त्याचं ऑइल आयुष्यभराचं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, आधी जे होईल तेव्हा बदला. बनवणाऱ्याचं ऐका. शोरूमच्या सर्व्हिसमध्ये हे काम आपोआप होत नाही, त्यामुळे 'कंपनीतच सर्व्हिस झालेली' गाडीही या बाबतीत कोरी निघते. याचा तळाचा पॅन प्लास्टिकचा आणि फिल्टर त्यातच बसवलेला, म्हणून पॅनच बदलावा लागतो. एकूण ऑइल आठ-नऊ लिटर, पॅन उतरवल्यावर त्यातलं पाच-सहा लिटर निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं.

काम बिघडतं ते पातळी लावताना. गाडी रॅम्पवर सपाट हवी, इंजिन चालू हवं, आणि गिअरबॉक्सचं ऑइल ३० ते ५० अंशांच्या मध्ये असताना भरायच्या भोकातून बारीक धार गळायला लागली की बोल्ट लावायचा. थंड गाडीत, इंजिन बंद ठेवून भरून टाकलं तर ऑइल कमी पडतं. मग आठवड्याभरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटका लागतो आणि मालक म्हणतो, 'ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला.' मेकॅनिकला एकच विचारा: ऑइलचं तापमान कशावर बघणार? उत्तर 'स्कॅनरवर' असं आलं नाही तर ते काम तिथे देऊ नका.

दुसरी गोष्ट यादीत दिसतच नाही, आणि तुमच्या वापरात तीच सगळ्यात महागात पडेल: थर्मोस्टॅट आणि डीपीएफ यांची जोडी. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती भरली की गाडी चालता चालता ती काजळी स्वतःच जाळते. त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि पंधरा-वीस मिनिटं साठच्या पुढे सलग पळायला हवं. शहरातल्या रोजच्या रांगेत हे होत नाही. जाळायला सुरुवात होते आणि पार्किंग येतं. अर्धवट राहिलेल्या या फेऱ्यांत जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं, आणि त्याची झळ टर्बो व बेअरिंगना पोचते.

त्यात थर्मोस्टॅट उघडा अडकला तर परिस्थिती आणखी वाईट. वयाने हा भाग बऱ्याचदा उघडाच राहतो. गाडी छान चालते, दिवा पेटत नाही, डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटाही नाही. पण कूलंट सत्तरच्या आतबाहेर राहतं, आणि इतक्या थंड इंजिनवर गाडी काजळी जाळायला घेतच नाही. ओळखायचं असं: स्कॅनर लावून एक्स्प्रेसवेवर वीस मिनिटं सलग चालवा. कूलंट ८८ ते ९५ च्या दरम्यान स्थिर हवं. ७५ च्या पुढे सरकत नसेल तर थर्मोस्टॅट गेलेला आहे आणि डीपीएफ किती भरला ते लगेच बघा. स्कॅनरवर काजळीचं आणि राखेचं प्रमाण वेगवेगळं दिसतं. काजळी जाळता येते, राख नाही. राख खूप दिसली आणि मीटर मात्र ६८ हजार दाखवत असेल, तर मीटर फिरवलंय का याचाही शोध घ्या. काही जण डीपीएफ फोडून रिकामा करून देतात. ते बेकायदा आहे आणि पीयूसीच्या कडक तपासणीत उघडं पडतं. एक्झॉस्टच्या नळीच्या आत बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीची नळी जवळजवळ स्वच्छ असते, बोट काळंकुट्ट झालं तर जाळी आत नाही किंवा तडकली आहे.

इंजिन कोणतं ते आरसीवरच्या इंजिन क्रमांकावरून कळतं. याच पिढीच्या सुरुवातीच्या ३२०डीमध्ये एन४७ नावाचं इंजिन होतं, १८४ अश्वशक्ती. २०१६ च्या फेसलिफ्टपासून बी४७ आलं, १९० अश्वशक्ती आणि ४०० न्यूटनमीटर. एन४७ ची टायमिंग चेन ताणली जाते, गाइड तुटतात, हे जगभर गाजलेलं दुखणं. चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, म्हणून ती बदलायची तर गिअरबॉक्स किंवा आख्खं इंजिन उतरवावं लागतं. बी४७ ची चेनही मागेच आहे, पण ते दुखणं बरंच आटोक्यात आलंय. तरी सकाळी थंड इंजिन चालू करताना एकाने मागे, फायरवॉलपाशी कान द्यावा. पहिल्या दोन-तीन सेकंदांची धातू घासल्यासारखी खरखर, किंवा पंधराशे ते दोन हजार आरपीएमला पुन्हा येणारी, ऐकू आली तर परत फिरा. 'डिझेल आहे, एवढा आवाज असतोच' हे उत्तर ऐकून घेऊ नका. दोन्ही इंजिनांच्या ईजीआर कूलरसाठी (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) जगभर रिकॉल, म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावून दुरुस्ती, झालेले आहेत, कारण आतून कूलंट गळून काजळीत मिसळलं की आग लागू शकते. चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ते काम बाकी आहे का हे विचारता येतं.

तपासणीचा दिवस कसा लावायचा? विक्रेत्याला आदल्या रात्री सांगा की गाडी सकाळी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड स्टार्टनंतर ब्रेक दाबून पी मधून आर मध्ये टाका. गिअर सेकंदाभरात, धक्का न देता लागायला हवा. मग गाडी हळूहळू थांबवत दोनवरून एकवर येताना मागून कोणी ढकलल्यासारखं वाटतं का बघा. शंभरच्या वेगावरून ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी आहे किंवा पुढच्या आर्मचे तेल भरलेले बुश फुटलेत. रॅम्पवर त्या बुशभोवती काळा ओलसर डाग दिसतो. खालूनच गिअरबॉक्सच्या पॅनची कड, ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट आणि प्रोपेलर शाफ्टचा रबरी जोड बघा. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, ३५१८ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षं उलटलेला रनफ्लॅट कडक पडतो. आणि डिकीत स्टेपनी आहे का हेही बघून घ्या, नसेल तर कोल्हापूरच्या वाटेवर पंक्चर झाल्यावर काय करायचं ते आधी ठरवा.

बॅटरी डिकीत उजव्या बाजूला आहे. तिथे एजीएमऐवजी साधी बॅटरी बसवलेली सापडली तर मालकाने पैसे वाचवलेत एवढं कळलं, मग आणखी कुठे वाचवले असतील ते शोधा. बॅटरी बदलल्यावर गाडीच्या संगणकाला ते सांगावं लागतं, नाहीतर नव्या बॅटरीलाही तो जुनीसारखाच चार्ज करतो आणि ती लवकर मरते.

डिकीचा गालिचा उचला. पाणी साचल्याच्या खुणा, कनेक्टरवर हिरवट बुरशी दिसली तर किंमत कितीही उतरो, नको. पुढचे दोन्ही सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, पुरात बुडालेल्या गाडीचा पट्टा शेवटच्या हातभर भागात गाळाची रेघ दाखवतो. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आणि वरचं लेदर नवंकोरं, ही जोडीही तेच सांगते. २०१५ ला चेन्नईत आणि २०२१ ला चिपळूणमध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्या भंगारातच गेल्या असं समजू नका.

स्कॅन साध्या ओबीडी डोंगलने होत नाही. बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडी-स्कोडाला ओडिस, ही मूळ सॉफ्टवेअर किंवा त्यांच्या तोडीचं साधन असलेलं गॅरेज शोधा. किलोमीटरची नोंद मीटरखेरीज गाडीतल्या आणखी मॉड्युलमध्ये आणि चावीतही राहते. मीटर फिरवणारा बहुधा सगळीकडे पोचत नाही. सगळे आकडे जुळले पाहिजेत. स्कॅनच्या वेळी 'आत्ताच सगळे एरर काढलेत' असं दिसलं तर पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा.

कागदपत्रांत वाहन पोर्टलवर मालकांची संख्या, कर्जाचा बोजा, विमा आणि थकीत चलनं बघा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा) हातात घ्या, 'पुढच्या आठवड्यात देतो' चालणार नाही. अशा गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर असतात. तेव्हा सही करणाऱ्याच्या नावाचं कंपनीचं अधिकारपत्र आणि विक्रीचं बिल हवं. दिल्ली पासिंगची गाडी दोन लाखांनी स्वस्त दिसेल. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर आलेल्या निर्बंधांमुळे मालक त्याआधीच विकायला काढत आलेत. पण महाराष्ट्रात आणल्यावर फॉर्म २८ ची (मूळ आरटीओची) एनओसी, इथला रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार भरणं आणि नवा नंबर घेणं आलं. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ परराज्याच्या नंबरवर गाडी ठेवता येत नाही. डिझेलला महाराष्ट्रात रोड टॅक्सचा दर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. हे सगळं धरलं की ते दोन लाख बरेचसे विरघळतात.

विम्याकडे बहुतेक जण हप्त्यापुरतंच बघतात. खरा फरक दाव्याच्या वेळी कळतो. झिरो डेप (दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापणारं जादा संरक्षण) पाच वर्षांपर्यंत सहज मिळतो, पुढे काही कंपन्या सात वर्षांपर्यंत देतात. आठ वर्षांच्या गाडीला तो मिळणार नाही असं धरून चाला. मग प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के कपात, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. म्हणजे रिक्षा घासून दीड लाखाचा एलईडी हेडलाइट फुटला तर पंचाहत्तर हजार तुमचे. क्रेटावर जमलेला नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर देऊन टाकू नका, तो तुमचा आहे. चार वर्षं दावा नसेल तर ४५ टक्के होतो. क्रेटा विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं.

क्रेटा त्याच डीलरला त्याच व्यवहारात देऊ नका. दोन गाड्या एका आकड्यात गुंडाळल्या की क्रेटाला 'तेरा देतो' म्हणून खूश करायचं आणि बीएमडब्ल्यूत तेच पन्नास हजार चढवायचे, हा जुना खेळ. क्रेटाचे तीन ठिकाणचे लेखी भाव घ्या, स्वतंत्र विका. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, आणि पोर्टलवर नाव बदलेपर्यंत पाठपुरावा. नोंदणीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

आता मागे ठेवलेला प्रश्न. रोज वीस किलोमीटर शहरात म्हणजे एका वेळी दहा, त्यात इंजिन जेमतेम तापतं. महिन्यातून एक कोल्हापूर फेरी डीपीएफला थोडा दिलासा देईल, पण पुरेसा नाही. डिझेल घेतलंच तर आठवड्यातून एकदा अर्धा तास महामार्गावर पळवणं हा देखभालीचा भाग समजा. तुमच्या जागी पेट्रोल ३२०आय जास्त शहाणपणाची. तिथेही इंजिन क्रमांक बघा: एन२० असेल तर चेनच्या प्लास्टिक गाइडची भीती, बी४८ असेल तर निश्चिंतपणे पुढे जा. एक लक्षात ठेवा, एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे पाइप आणि सील ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल गृहीत धरून बनवलेले नसतात. पेट्रोलच्या वासाकडे आणि रबरी होजकडे लक्ष ठेवावं लागेल.

ऑडी-मर्सिडीजबद्दल थोडक्यात, कारण बजेटमध्ये त्याही येतात. ऑडी ए४ च्या आधीच्या, २०१६ पूर्वीच्या पिढीत मल्टिट्रॉनिक (ऑडीचा सीव्हीटी, ठरावीक गिअर नसलेला) गिअरबॉक्स असेल तर सोडून द्या. त्याच काळातलं १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोल ऑइल खातं, दोष पिस्टन रिंगमध्ये, आणि उपाय म्हणजे इंजिन उघडणं. ए३ च्या १.४ पेट्रोलमध्ये आणि स्कोडा सुपर्बच्या १.८ ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे. पुण्याच्या सिग्नलांवर त्याचा मेकॅट्रॉनिक (गिअर आणि क्लच चालवणारा नियंत्रण भाग) दम तोडतो. मर्सिडीज ई-क्लासच्या डब्ल्यू२१२ पिढीत चावी आत जाते पण फिरत नाही, गाडी जागेवर, असं झालं तर बहुधा स्टिअरिंग लॉकची मोटर गेलेली असते. सी-क्लासच्या डब्ल्यू२०५ पिढीचं डिझेल त्या मानाने गुणी, फक्त सर्व्हिसला साडेसहा लिटर ऑइल लागतं.

सुटे भाग घेताना डब्यावरचं बीएमडब्ल्यूचं चिन्ह सोडून भाग कोण बनवतं ते बघा. आर्म लेमफोर्डरचे, फिल्टर मान किंवा माहलेचे, गिअरबॉक्सचा किट झेडएफचाच. शोरूमपेक्षा ठळक स्वस्त आणि बनवणारा तोच. हेडलाइट, आरसा, बंपर यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल मिळतो, पण ब्रेक, आर्म, एअरबॅग तिथून कधीच नको. आणि एखादा भाग परदेशातून यायला दहा-पंधरा दिवस लागले तर ऑफिसला कशाने जाणार? घरात दुसरी गाडी किंवा स्कूटर असेल तरच हा संसार सुखाचा.

गाडी घेतलीच तर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल बदला, विक्रेत्याने कालच बदललंय असं सांगितलं तरी. पाच लिटरच्या आसपास, बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ मान्यतेचं, ५डब्ल्यू-३० ग्रेडचं. जुनं ऑइल बाटलीत घेऊन हुंगा. डिझेलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखं पातळ असेल तर थर्मोस्टॅटपासून सुरुवात करा. पुढचा बदल दहा हजारांवर, गाडीचा संगणक पंचवीस हजार म्हणत असला तरी.